फिट कुठून सुरू झाली, एवढंच विचारणारा डॉक्टर

फिट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं. माणूस धाडकन खाली पडलाय, दातखिळी बसलीय, तोंडाला फेस आलाय आणि शेजारचा कुणीतरी कांदा नाहीतर चप्पल शोधतोय. मेहकरचं एसटी स्टँड असो की खामगावचा बाजार, गर्दी जमते ती असं काही झालं तरच.

पण समजा, एखाद्या मुलीच्या उजव्या हाताचा अंगठा आपोआप उडायला लागला. मिनिटभर उडत राहिला आणि ती पूर्ण शुद्धीत राहून त्याच्याकडे बघत बसली. किंवा एखाद्या मुलाला वर्गात बसल्या बसल्या काहीतरी जळल्याचा वास आला, पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं झालं, समोरचा सगळा प्रसंग आधीच घडून गेलाय असं वाटलं आणि दीड मिनिटात सगळं ओसरलं. याला कुणी फिट म्हणेल का? घरचे म्हणतात ॲसिडिटी झाली असेल. मित्र म्हणतात टेन्शन घेतो. आजी म्हणते बाहेरचं काहीतरी आहे, आधी दृष्ट काढा.

ही फिटच असू शकते. डॉक्टरांच्या २०१७ च्या यादीत तिला फोकल अवेअर सीझर म्हटलं होतं, म्हणजे मेंदूच्या एका ठरावीक भागातून उठणारी आणि पेशंटची शुद्ध न घालवणारी फिट. आपल्याकडे तर शब्दच आडवा येतो. अपस्मार या शब्दातच स्मृती जाणं आलं. आठवण गेली, भान गेलं तरच तो अपस्मार. मग ज्याला सगळं आठवतंय, त्याच्या आजाराला नाव काय द्यायचं?

दीडशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये एक डॉक्टर नेमका याच प्रश्नापाशी थांबला आणि तिथून पुढे हललाच नाही. त्याचं नाव जॉन ह्यूलिंग्स जॅक्सन. न्यूरॉलॉजीच्या पुस्तकात हा सगळ्यांना भेटतो, पण माणूस म्हणून तो फारसा कुणाला माहीत नसतो.

शेतकऱ्याचा मुलगा

जॅक्सनचा जन्म ४ एप्रिल १८३५चा. इंग्लंडच्या यॉर्कशायर भागातलं ग्रीन हॅमर्टन नावाचं खेडं. वडील शेतकरी, जोडीला बिअर गाळण्याचा धंदा. हा सगळ्यात धाकटा. वर्षभराचा असतानाच आई वारली. तिचं माहेरचं आडनाव ह्यूलिंग्स, ते त्याने आयुष्यभर आपल्या नावात वागवलं. भाऊ मोठे होऊन न्यूझीलंडला गेले.

शाळेचं शिक्षण काही फार भारी नव्हतं. त्या काळी डॉक्टर व्हायचं तर आधी एखाद्या डॉक्टरच्या हाताखाली उमेदवारी करायची पद्धत होती. जॅक्सनने ती यॉर्कमध्ये केली. तिथल्याच मेडिकल स्कूलमध्ये त्याला थॉमस लेकॉक नावाचे शिक्षक भेटले. मेंदूचं कामही शरीराच्या इतर भागांसारखं नियमाने चालतं, असं मानणारे. पुढे लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू हॉस्पिटलमध्ये शिकून १८५६ साली तो पास झाला. यॉर्कला परत येऊन दवाखान्यात काम केलं आणि १८५९ मध्ये लंडन गाठलं.

इथे एक गंमत आहे. लंडनला आल्यावर त्याला डॉक्टरकीच सोडायची होती. तत्त्वज्ञान करायचं होतं. हर्बर्ट स्पेन्सरच्या विचारांनी तो भारावून गेला होता. जोनाथन हचिन्सन नावाच्या सीनियर मित्राने त्याला कसंबसं थांबवलं आणि एक काम मिळवून दिलं. ते काम होतं रिपोर्टरचं! मेडिकल टाइम्स अँड गॅझेट या साप्ताहिकासाठी लंडनच्या हॉस्पिटलांमध्ये फिरायचं आणि तिथल्या केसेस लिहायच्या. म्हणजे आमच्यासारखंच बीट सांभाळायचं. मला वाटतं पुढचं त्याचं सगळं काम या सवयीतून आलं. काय झालं, कुठे झालं, आधी काय झालं, मग काय झालं. बातमी लिहिताना आम्हाला पहिल्या दिवशी हेच शिकवतात.

१८६२ मध्ये तो क्वीन स्क्वेअरच्या नॅशनल हॉस्पिटलमध्ये लागला. लकवा आणि फिटच्या पेशंटसाठीच काढलेलं हे हॉस्पिटल दोनच वर्षं आधी सुरू झालं होतं. तेही चँडलर नावाच्या भावा-बहिणींच्या खटपटीतून. त्यांच्या आजीला लकवा झाला होता आणि अशा माणसांना नीट बघणारी जागाच नाही, हे त्यांनी घरात अनुभवलं होतं. जॅक्सन शेवटपर्यंत या हॉस्पिटलशी जोडलेला राहिला.

अंगठा, ओठाचा कोपरा, पायाचा अंगठा

तेव्हा फिटबद्दल डॉक्टरांची समजूत काय होती? खरी फिट म्हणजे शुद्ध हरपणारी. ती मेंदूच्या खालच्या टोकाला, मणक्याच्या वर असलेल्या भागातून उठते. वरचा मोठा मेंदू विचार करण्यासाठी आहे, त्याचा हातपाय उडण्याशी काय संबंध? त्यामुळे ज्यांचा एकच हात उडतो आणि जे शुद्धीत असतात, ते पेशंट या व्याख्येत बसायचे नाहीत. ब्राव्हे नावाच्या एका फ्रेंच डॉक्टरने १८२७ मध्येच अशा एका बाजूच्या फिटांचं वर्णन लिहून ठेवलं होतं, पण त्यातून पुढे काय निघतं हे कुणी पाहिलं नाही.

जॅक्सनने ते पाहिलं. त्याची पद्धत अगदी साधी होती. फिट आली की ती नेमकी कुठून सुरू झाली आणि तिथून कुठे गेली, एवढं तो बघायचा. बघायला मिळाली नाही तर विचारायचा. पेशंटला विचारायचा, घरच्यांना विचारायचा, वॉर्डातल्या नर्सला विचारायचा. अशा शेकडो नोंदी जमल्या आणि त्यात त्याला एक क्रम दिसायला लागला. फिट बहुतेक वेळा तीनच ठिकाणांहून सुरू व्हायची. हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट, चेहऱ्याची एक बाजू, किंवा पायाचा अंगठा. अंगठ्यापासून सुरू झाली तर आधी पंजा, मग मनगट, मग कोपर, खांदा, चेहरा, मग पाय. ओळीने. कधी अर्ध्यातच थांबायची, कधी सगळ्या शरीरात पसरायची आणि मग मात्र शुद्ध जायची. डॉक्टर याला आजही जॅक्सोनियन मार्च म्हणतात. हे नाव जॅक्सनने नाही दिलं. फ्रान्सचा तेव्हाचा सगळ्यात मोठा न्यूरॉलॉजिस्ट शार्को याने ते रूढ केलं. जॅक्सन स्वतः मात्र ब्राव्हेचं श्रेय देत राहिला.

आता यातला विचार बघा. फिट जर ओळीने सरकत असेल, तर मेंदूत पण अंगठा, पंजा, चेहरा, पाय यांच्या जागा ओळीने असल्या पाहिजेत. म्हणजे मेंदूच्या वरच्या थरावर शरीराचा नकाशा आहे. अंगठ्यापासून फिट जास्त का सुरू होते? कारण अंगठा सगळ्यात जास्त बारीक कामं करतो, म्हणून मेंदूत त्याने जागा पण जास्त अडवलीय. ना एक्स-रे, ना स्कॅन, ना ईईजी. नुसतं बघून आणि विचारून हा माणूस इथपर्यंत आला.

आणि शुद्ध का राहते? तर गडबड मेंदूच्या एका कोपऱ्यात आहे, बाकीचा मेंदू आपलं काम करतोय म्हणून. आपल्याकडे एका गल्लीत व्होल्टेज वाढून बल्ब फडफडतात आणि पलीकडच्या गल्लीत लोक आरामात टीव्ही बघत असतात, तसंच. फॉल्ट पसरत गेला तरच अख्खं गाव अंधारात जातं. १८७० मध्ये त्याने हे सगळं एका मोठ्या निबंधात मांडलं आणि १८७३ मध्ये तर फिटची व्याख्याच बदलून टाकली. मेंदूच्या करड्या भागात अधूनमधून, अचानक, प्रमाणाबाहेर आणि एका जागी होणारा वेगवान स्फोट, असा तिचा अर्थ त्याने लावला. या व्याख्येत शुद्ध हरपण्याची अट नाही. अंगठा उडणारी ती मुलगी तेव्हापासून फिटची पेशंट ठरली.

१८७० मध्येच बर्लिनला फ्रिच आणि हिटझिग यांनी कुत्र्याच्या मेंदूला विजेचा हलका झटका देऊन दाखवला. एका जागी झटका दिला की पुढचा पाय हलतो, दुसऱ्या जागी दिला की मागचा. जॅक्सनचा मित्र डेव्हिड फेरियर याने पुढे माकडांवर हेच करून नकाशा आणखी बारीक केला. फेरियरने १८७६ मध्ये मेंदूवर पुस्तक काढलं आणि ते जॅक्सनला अर्पण केलं.

१८७६

तेच साल जॅक्सनसाठी सगळ्यात वाईट ठरलं. १८६५ मध्ये त्याने एलिझाबेथशी लग्न केलं होतं. ती त्याची नात्यातलीच, चुलत बहीण. मूलबाळ नव्हतं. लग्नाला अकरा वर्षं झाली असताना तिच्या मेंदूतल्या रक्तवाहिनीत गुठळी झाली. आणि तिला फिट यायला लागल्या. एका बाजूच्या. ज्या फिटांचा अभ्यास करण्यात त्याची उमेद गेली होती, नेमक्या त्याच. ती त्यातून वाचली नाही.

यावर जास्त काही लिहावंसं वाटत नाही. फिट कुठून सुरू झाली आणि कुठे चालली, हे त्याच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं, आणि करता येण्यासारखं काहीच नव्हतं. तेव्हा फिटसाठी थोडंफार काम करणारं औषध एकच होतं, ब्रोमाइड. मेंदूच्या गुठळीवर तर काहीच नव्हतं. त्यानंतर तो ३५ वर्षं जगला. पुन्हा लग्न केलं नाही.

माणूस तसा एकलकोंडाच. एका जागी फार वेळ बसवायचं नाही. जेवणाच्या पार्ट्या, नाटकं यातून मध्येच उठून जायचा. त्याच्याबद्दल एक किस्सा सांगतात. प्रवासाला निघताना कादंबरी विकत घ्यायची, पुठ्ठा फाडून फेकायचा, पुस्तकाचे दोन तुकडे करायचे आणि एकेक तुकडा एकेका खिशात कोंबायचा. पुस्तकप्रेमींनी हे वाचू नये. त्याने स्वतः मात्र एकही पुस्तक लिहिलं नाही. जे लिहिलं ते वेगवेगळ्या मासिकांत विखुरलेलं. आणि ते वाचायलाही अवघड, कारण प्रत्येक वाक्याला अट, प्रत्येक पानाला तळटीप.

वास, भास आणि डॉक्टर झेड

हातपाय उडतात ते निदान दिसतं तरी. पण जी फिट फक्त पेशंटलाच जाणवते तिचं काय? जॅक्सनच्या कामातला हा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो.

त्याच्याकडे असे पेशंट यायचे ज्यांना अचानक घाणेरडा वास यायचा, जो दुसऱ्या कुणाला येत नसे. कुणाला पोटातून भीती वर चढल्यासारखी वाटायची. कुणाला समोरचं सगळं ओळखीचं, आधी घडलेलं वाटायचं. कुणी नकळत ओठ चाटायचं, काहीतरी चघळल्यासारखं तोंड हलवायचं. जॅक्सनने या प्रकाराला स्वप्नासारखी अवस्था म्हटलं. एक स्वयंपाकीण होती. तिला झटका आला की घाण वास यायचा आणि एक छोटीशी काळी बाई लगबगीने स्वयंपाक करताना दिसायची. ती बाई काही बोलत नसे, नुसती कामात असे. नंतर ही स्वयंपाकीण सगळं सांगू शकायची. आपल्याकडे असती तर तिला कुठे कुठे नेलं असतं, कल्पना करा. जॅक्सनने ते जसंच्या तसं लिहून घेतलं. तिच्या मृत्यूनंतर तपासलं तेव्हा मेंदूच्या उजव्या बाजूला, कानशिलामागच्या भागात गाठ सापडली.

आणि मग झेड. जॅक्सनने १८८८ मध्ये एका पेशंटची केस छापली, नाव फक्त झेड. हा स्वतः डॉक्टर होता. सुरुवातीला त्याला नुसतेच बारीक झटके यायचे. काहीतरी आठवतंय, जे शोधत होतो ते सापडलं, अशी विलक्षण भावना क्षणभर यायची आणि जायची. बाजूच्या माणसाला पत्ताही लागायचा नाही. मोठ्या फिट पुढे आल्या. झेडने हे सगळं स्वतःच टिपून ठेवलं. एकदा तर एका पेशंटची छाती तपासत असताना त्याला झटका आला. भानावर आला तेव्हा समोर त्याच्याच हातचं निदान लिहिलेलं, न्युमोनिया. आपण ते कधी लिहिलं, आठवत नव्हतं. घाबरून त्याने पेशंटला परत तपासलं. निदान बरोबर होतं!

म्हणजे एकाच माणसात दोन्ही टोकं. एका झटक्यात तो पूर्ण शुद्धीवर, पण बाहेर काहीच दिसत नाही. दुसऱ्या झटक्यात बाहेरून सगळं ठीक, पेशंट तपासतोय, लिहितोय, पण आतून भान नाही. फिटमध्ये शुद्ध एक तर असते किंवा नसते, हा सरळ हिशोब झेडने मोडीत काढला. हलके झटके किरकोळ म्हणून सोडू नका, तेच सगळ्यात जास्त सांगतात, यावर जॅक्सनचा कायम भर असायचा.

१८९४ मध्ये झेड गेला. झोपेच्या औषधाचा जास्त डोस झाला होता. मेंदू तपासला तेव्हा डाव्या बाजूला आतल्या अंगाला, वासाशी जोडलेल्या भागात एक छोटीशी पोकळी निघाली. जॅक्सनने साधारण हीच जागा सांगितली होती. झेडचं खरं नाव आर्थर मायर्स, हे जगाला कळायला १९८० साल उजाडलं. डॉक्टर असूनही आपला आजार आडनावासकट सांगायची सोय नव्हती. आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? १९९९ पर्यंत हिंदू विवाह कायद्यात अपस्मार असलेल्याच्या लग्नाला आडकाठी होती. कायद्यातून ती गेली. सोयरीक जमवताना अजूनही लपवतातच.

२२ वर्षांचा पेशंट, २९ वर्षांचा सर्जन

२५ मे १८८६. क्वीन स्क्वेअरच्या हॉस्पिटलमध्ये एक २२ वर्षांचा तरुण दाखल होता. लहानपणी गाडीखाली सापडून त्याची कवटी फुटली होती. पुढे फिट सुरू झाल्या आणि हॉस्पिटलमध्ये तर दोन आठवड्यांत दोन हजारांहून जास्त आल्या. व्हिक्टर हॉर्स्ली हा सर्जन तेव्हा अवघा २९ वर्षांचा. फिट कुठून सुरू होते आणि डोक्यावरची जुनी खोक कुठे आहे, हे दोन्ही जुळवून त्याने कवटी उघडली आणि मेंदूवरचा वण काढून टाकला. जॅक्सन आणि फेरियर तिथे हजर होते. त्या वर्षी हॉर्स्लीने ही केस छापली तेव्हा त्या तरुणाच्या फिट थांबलेल्या होत्या. फिटच्या ऑपरेशनची आजची सगळी शाखा यातून वाढली.

पुढे १९२९ मध्ये जर्मनीच्या हान्स बर्गरने माणसाचा ईईजी छापला. माँट्रियलच्या वाइल्डर पेनफिल्डने जागे असलेल्या पेशंटच्या मेंदूला हलके झटके देऊन शरीराचा नकाशा काढला. त्यात अंगठ्याची जागा खरंच ऐसपैस निघाली. नंतर सीटी आला, एमआरआय आला.

एवढं सगळं आलं तरी शुद्धीतल्या फिटचं निदान आजही अवघडच आहे. गडबड मेंदूच्या लहानशा किंवा खोल भागात असेल तर डोक्यावर लावलेल्या तारांना ती पकडता येत नाही. ईईजी नॉर्मल येतो आणि घरचे म्हणतात, बघ, काही नाही तुला. नॉर्मल ईईजीवरून फिट नाहीच, असं म्हणता येत नाही. एमआरआयमध्ये जुना वण, गाठ किंवा आपल्या देशात बऱ्याचदा दिसणारी जंताची गाठ सापडू शकते. ही जंताची अंडी अस्वच्छ हातातून, न धुतलेल्या भाजीतून पोटात जातात, त्यामुळे शाकाहारी आहोत म्हणून सुटका नाही.

म्हणून चिखलीहून अकोल्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला न्यूरॉलॉजिस्टकडे एक दिवस मोडून जाणार असाल, तर सोबत फाईल न्याच, पण त्याहून महत्त्वाची आहे हकिकत. पहिल्यांदा काय जाणवलं? कोणत्या बाजूला? दर वेळी अगदी तसंच होतं का? किती सेकंद? नंतर हात जड पडतो का, बोलायला अडखळायला होतं का? आधी घडून गेल्याचा भास तरुण वयात कधीतरी सगळ्यांनाच होतो, तो आजार नाही. पण तोच भास त्याच वासासकट, त्याच क्रमाने, मिनिट-दोन मिनिटांसाठी वारंवार येत असेल तर डॉक्टरांना सांगायलाच हवं. पॅनिक अटॅक सहसा जास्त वेळ टिकतो आणि दर वेळी इतका हुबेहूब नसतो. पण या दोघांत डॉक्टरसुद्धा फसतात, तेव्हा घरबसल्या ठरवू नका. हात किंवा चेहरा उडत असेल तर मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवा. जॅक्सनला वॉर्डात तासन्‌तास थांबावं लागायचं, ते काम आता तुमचा भाऊ करू शकतो.

म्हातारपणी जॅक्सनला ऐकू कमी यायला लागलं, चक्कर यायची. अर्धशिशी तर जुनीच. ७ ऑक्टोबर १९११ रोजी लंडनच्या मँचेस्टर स्क्वेअरमधल्या घरी न्युमोनियाने तो गेला. हायगेटच्या कब्रस्तानात त्याला पुरलं. त्याचे विखुरलेले निबंध गोळा करून पुस्तकरूपात यायला आणखी वीस वर्षं लागली. आणि २०१७ मध्ये फिटच्या प्रकारांची नवी जागतिक यादी आली, तेव्हा तिच्यातल्या फोकल फिटांचे दोन भाग पाडले होते. एक, भान जाणाऱ्या. दुसरा, भान राहणाऱ्या.